टिळकवाडीतलं गेम पार्लर: चार रविवार आत बसून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पार्लरचं नाव लिहिणार नाही. खाली तक्रारी आहेत, त्या मी मालकाला समोर बसून सांगितल्यात आणि त्यातल्या काही त्यानं सुधारल्या पण, मग नेटवर एखाद्या पोराचा धंदा कशाला खराब करायचा. आरपीडी क्रॉसवरून थोडं आत, पहिला मजला, एवढं पुरे.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, राहायला अनगोळात. गेमचा आणि माझा संबंध शून्य. बहिणीचा मुलगा आमच्याकडं असतो शाळेसाठी, नववीला आहे, त्यांचं गाव खानापूरच्या पुढं जांबोटीकडं. एका रात्री बहिणीचा फोन आला, आवाज रडवेला.

"दादा, त्यो तिथं मारामारीचे गेम खेळायला जातोय म्हणं दर रविवारी. गावातल्या एकानं बघितलंय. तुझं लक्ष हाय का नाही त्याच्याकडं?"

तिची भीती मला समजते. 2019 मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यातच एका तरुण पोरानं मोबाईलवर गेम खेळू देत नाहीत म्हणून वडिलांचा जीव घेतल्याची बातमी आलेली, सगळ्या पेपरात मथळ्यात पबजी. त्या घराबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, त्यांचं दुःख त्यांच्यापाशी. पण तेव्हापासून आपल्याकडच्या आयांच्या डोक्यात ते असं बसलंय की पोराच्या हातात बंदुकीचा गेम दिसला की पोटात गोळा येतो. माझ्या बहिणीला पण तेच झालेलं. म्हणाली, "त्याला गावाला परत आणते."

भाच्याला मी ओरडलो नाही. म्हटलं या रविवारी मी पण येतो. त्याचं तोंड पडलं, मग थोड्या वेळानं म्हणाला, "चल की मामा, पण माझ्या पोरांसमोर काय बोलू नको." असे चार रविवार गेलो. खाली लिहिलंय ते त्या चार रविवारचं, आणि मधल्या रात्री बसून मी जे वाचून काढलं त्याचं.

जागा कशी आहे ते आधी. जिना अरुंद, वर गेल्यावर चपला काढायच्या, आत एसी फुल. पाच मोठे टीव्ही, प्रत्येकाला पीएस-5, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, आणि समोर सोफा, भिंतीकडं चार कॉम्प्युटर, कोपऱ्यात गाडीचं स्टिअरिंग लावलेली एक खुर्ची, तिथं कायम नंबर लागलेला. रविवारी तासाला 100 रुपये, बाकी दिवशी 80, कॉम्प्युटर 50. सोफे स्वच्छ, बाथरूम स्वच्छ, पाण्याचा फिल्टर आहे. बाहेरचं खायला चालत नाही, आत चिप्स आणि कोल्ड्रिंक मिळतंय पण छापील किमतीलाच, हे मला आवडलं. हेडफोनची गादी फाटलेली, कानाला टोचते. करंट गेलं की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात, टीव्ही बंद, आणि गेलेला वेळ धरतात का सोडतात हे त्या दिवशी काउंटरवर कोण बसलंय त्याच्यावर. यावर पुढं येतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

पहिल्या रविवारी मी मागच्या खुर्चीवर बसून फक्त बघत होतो. भाचा आणि त्याच्या वर्गातला एक, दोघं टेक्कन 8 खेळत होते, एकमेकांना लाथा-बुक्क्या घालायचा गेम. भाच्यानं किंग नावाचा गडी घेतलेला, जग्वारचा, म्हणजे बिबट्यासारख्या प्राण्याचा, मुखवटा घातलेला पैलवान आहे तो, उचलून आपटतोय समोरच्याला. मला वाटलं आता ही पोरं पेटणार. पेटली नाहीत. अर्धा तास एकमेकाला आपटून झालं आणि दोघं पोट धरून हसत होते, "परत कर की त्यो डाव, परत कर," म्हणून. भाच्यानं मला पण शिकवलं, कुठलं बटन दाबलं की किंग मागून कंबर धरतो ते. मी आनंदवाडीच्या आखाड्यात लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेला माणूस, तो डाव बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाजूच्या टीव्हीवर बंदुकीचा गेम चालू होता, चार पोरं, त्यातले दोन कन्नड शाळेतले. सगळी मिसळ भाषा, "अरे हिंदे नोड, मागं बघ, मागं बघ, आला आला." एका सोफ्यावर चौघं, एकमेकाला वाचवायला धडपडतात, एक पडला की दुसरा धावत जाऊन उठवतो. त्या टीव्हीवर त्या दिवशी एक पण शिवी मी ऐकली नाही.

घरी येऊन बहिणीला फोन करून सांगितलं, काही काळजी करू नको. घाई केली मी.

दुसऱ्या रविवारी भांडण झालं. ते झालं फुटबॉलवर. फुटबॉलच्या गेममध्ये काय असतंय, ना रक्त ना बंदूक, युरोपात गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का असतो पेगी म्हणून, 3, 7, 12, 16, 18 असा, त्यात फिफावर कित्येक वर्षं 3 असायचा, म्हणजे तीन वर्षांच्या पोराला पण चालेल असा. त्या गेमवर एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. आणि कॉलर धरणारा माझा भाचा होता.

काय झालं ते जवळून सांगतो, कारण मी चार फुटांवर होतो. पार्लरमध्ये एक पद्धत होती, मालकानं लावलेली नाही पण त्याला माहीत असलेली, हरणाऱ्यानं दोघांच्या तासाचे पैसे द्यायचे. म्हणजे रविवारी 200 रुपये. नववीतल्या पोराला 200 रुपये म्हणजे काय ते विचारा, माझा भाचा आठवड्याचे खाऊचे पैसे साठवून शंभर करतो. 2-2 झालेलं. शेवटची दोन-तीन मिनिटं. मागं सहा-सात पोरं उभी, ओरडालेत, एक जण मोबाईलवर शूटिंग करालाय. आणि भाच्याच्या हातात चार नंबरचा कंट्रोलर. त्या कंट्रोलरची डावी स्टिक खराब होती, बोट काढलं तरी खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत राहायचा, पोरं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. भाच्यानं सुरुवातीलाच काउंटरवर सांगितलेलं, "दादा, ह्याला ड्रिफ्ट हाय." काउंटरवरचा म्हणाला, "दुसरा रिकामा नाही, अॅडजस्ट कर." शेवटच्या मिनिटाला याचा डिफेंडर नको तिकडं सरकला आणि गोल बसला. समोरचा उठून नाचायला लागला, मागची पोरं "हरला रे, गावडा हरला," म्हणून.

मी भाच्याची मान बघितली, मागून. लाल झालेली, कानापर्यंत. कंट्रोलर सोफ्यावर आपटला, उठला आणि नाचणाऱ्याची कॉलर धरून त्याला भिंतीकडं ढकलला. मी मधे पडलो. मधे पडलो तेव्हा त्याचा हात धरला तर तो थरथरत होता, आणि पोरगा रडत होता. चौदा वर्षांचा, रडत होता आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. मग वाचायला बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस वाचतच होतो.

जे वाचलं ते थोडक्यात लिहितो, कारण आपल्याकडं या विषयावर व्हॉट्सअॅपवरच जास्त फिरतंय. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची मोठी संस्था आहे, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. त्यांनी 2015 मध्ये सगळा अभ्यास तपासून सांगितलं की हिंसक गेम आणि आक्रमकपणा यात संबंध दिसतोय, आणि 2020 मध्ये परत स्पष्ट केलं की तो संबंध छोटा आहे, ओरडणं, ढकलणं असल्या गोष्टींपुरता आहे, आणि खून-गोळीबार असल्या हिंसेला गेमच कारण असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. ओरडणं आणि ढकलणं. मी पार्लरमध्ये तेच बघितलेलं, फक्त फुटबॉलवर.

या अभ्यास करणाऱ्यांच्यातच दोन बाजू आहेत आणि दोन्ही वाचायला पाहिजेत. 2010 मध्ये क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाख तीस हजारांवर लोकांवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की हिंसक गेमनं आक्रमकपणा वाढतोय. 2018 मध्ये आणखी एक आलं, 24 अभ्यास, सतरा हजारांवर पोरं, त्यात पण पुढं जाऊन मारामारी थोडी वाढलेली दिसली, थोडीच, पण दिसली. मग 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी ब्रिटनमधली 14-15 वर्षांची हजारभर पोरं घेतली, माझ्या भाच्याच्याच वयाची. पोरांना विचारलं कुठले गेम खेळता, त्या गेमवरचा पेगीचा शिक्का बघून हिंसा किती ते ठरवलं आणि पोराचं वागणं आई-बापांना विचारलं. त्यात संबंध सापडला नाही. जर्मनीत मोठ्या माणसांना दोन महिने रोज जीटीए 5 हा मारामारीचा गेम खेळायला लावलं, दुसऱ्या गटाला घर-संसाराचा सिम्स 3, आणि शेवटी आक्रमकपणात फरक निघाला नाही. ते मोठे होते, पोरं नव्हती, हे ध्यानात ठेवायला पाहिजे.

पण मला जे पटलं ते वेगळंच. कॅनडात 2011 मध्ये अडाची आणि विलोबी या दोघांनी प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळे गेम खेळायला दिले, काही मारामारीचे, काही गाड्यांच्या शर्यतीचे, आणि नंतर सांगितलं की एका माणसासाठी तिखट सॉस काढून द्या, त्या माणसाला तिखट अजिबात चालत नाही. किती तिखट आणि किती जास्त काढून देताय त्यावरून मनातला राग मोजायचा. आपल्याकडचं समजायचं तर संकेश्वरी मिरचीचा ठेचा, ज्याला तिखट सोसत नाही त्याच्या ताटात कोण किती वाढतंय. निघालं असं की मारामारीच्या गेमनं तिखट वाढलं नाही. ज्या गेममध्ये चुरस जास्त, तो मारामारीचा असो नाहीतर बिनरक्ताचा शर्यतीचा, तो खेळून आलेल्यांनी तिखट जास्त वाढलं.

आणि 2014 मध्ये ऑक्सफर्ड आणि रोचेस्टरच्या लोकांनी आणखी पुढं जाऊन बघितलं. टेट्रिस माहीत आहे ना, वरून ठोकळे पडतात तो, आपण लहानपणी हातातल्या बॅटरीच्या खेळण्यावर खेळलोय, त्यात कोण कुणाला मारतंय? तो गेम मुद्दाम अडचणीचा करून दिला तर माणसं चिडली. आपल्याला जमतंय ते जमू न देणं, बटन नीट न चालणं, यानं माणूस आक्रमक होतोय, गेममध्ये हिंसा असो वा नसो.

हे वाचलं आणि मला चार नंबरचा कंट्रोलर आठवला.

आमच्याकडं फाउंड्रीत एखादं कास्टिंग चिरलं की नवा माणूस म्हणतो शेवटी ज्यानं हातोडा मारला त्यानं चिरलं. आम्ही तसं लिहीत नाही रिपोर्टमध्ये. वाळूत ओल किती होती, धातू कितीला ओतला, साचा लवकर उघडला का, हे सगळं मागं जाऊन बघतो, कारण तेच नाही बघितलं तर उद्याचे शंभर पण चिरणार. पोराच्या बाबतीत मात्र आम्ही सगळे हातोड्यावर थांबतो. स्क्रीनवर बंदूक दिसली, बंदुकीनं केलं. त्या दिवशी बंदूक नव्हती. खराब स्टिक होती, 200 रुपये होते, मागं ओरडणारी गर्दी होती, गावाकडचा म्हणून चिडवणं होतं, आणि एक गोष्ट मला नंतर कळली, आदल्या रात्री पोरगा दीड वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईलवर जागा होता. हे सगळं एकत्र ओतलेलं.

मोबाईलचं पण सांगतो, कारण बरेच पालक चुकीचं धरून बसलेत. पबजी मारामारीमुळं बंद झाला असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. तसं नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 अॅप बंद केली, ती देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा या कारणानं. मारामारी म्हणून बंदी गुजरातमध्ये राजकोटच्या पोलिसांनी 2019 मध्ये आणलेली, पोरांना पकडलं पण होतं. मग 2021 च्या जुलैत तोच गेम बीजीएमआय म्हणून आला, 2022 च्या जुलैत परत गेला, 2023 च्या मे मध्ये परत आला तेव्हा वेळेची मर्यादा घालून आला, 18 च्या खालच्याला दिवसाला 3 तास, मोठ्यांना 6. आता माझ्या भाच्यानं काय केलेलं, वय वाढवून टाकलेलं. मी विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सगळेच टाकतात मामा." तीन तासाची मर्यादा ज्याच्यासाठी होती त्यानंच ती काढून टाकलेली आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. ही चूक मी माझ्या पदरात घेतो, फोन मीच घेऊन दिलेला.

तिसऱ्या रविवारी मी भाच्याला घेऊन लवकर गेलो, साडेदहाला, गर्दीच्या आधी. मालक स्वतः होता, सत्तावीस-अठ्ठावीसचं पोरगं, कर्ज काढून टाकलंय पार्लर. मी म्हटलं भांडायला आलो नाही, पाच मिनिटं बस. पहिलं सांगितलं चार नंबरच्या कंट्रोलरचं. म्हणाला, "अण्णा, नवा पाच हजारच्या वर जातोय, पुढच्या महिन्यात घेतो." मी म्हटलं तोपर्यंत तो बाहेर काढ, चार टीव्ही चालव, पाचवा बंद ठेव, पण खराब कंट्रोलर देऊन पोराकडून शंभर रुपये घेऊ नको, आमच्याकडं माप चुकलेला माल गेटच्या बाहेर जात नाही. गप्प बसला. मग ड्रॉवरमध्ये टाकला माझ्यासमोर.

दुसरं, हरणाऱ्यानं पैसे द्यायची पद्धत. म्हणाला, "ते पोरांचं पोरांत हाय, मी कुठं सांगतो." मी म्हटलं तुझ्या छताखाली आहे ना, मग तुझंच आहे. पैसे दोघांकडून आधी घे, खेळायच्या आधी. तसं केलंस तर पैज लावायला काही उरतच नाही. हे त्याला लगेच पटलं, कारण शेवटी पैशावरून होणारी कटकट त्याला पण नको होती. आता काउंटरवर पाटी आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये, पैसे आधी.

तिसरं सांगितलं ते आखाड्यावरून. कुस्तीत काय कमी मारामारी असते का. माणूस माणसाला अंगावर घेऊन आपटतो, मान दाबतो. पण तिथं वस्ताद असतो. कुस्ती सुटली की दोघांना हात मिळवायला लावतो, हरलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, आणि कुणी चिडून डाव सोडून ठोसा घातला तर त्याच जागी कान धरतो. म्हणून लाल माती अंगाला लावून पोरं घरी येतात ती शांत येतात, आम्ही यायचो. तुझ्या पार्लरमध्ये वस्ताद नाही. काउंटरवरचा पोरगा मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो. सहा पोरं एकाच्या मागं उभी राहून त्याला गावडा म्हणतात तेव्हा कुणीतरी मोठ्यानं एवढंच म्हणायला पाहिजे, "ए, मागं सरा, खेळू द्या त्याला."

यावर मालक जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, मी पण गावाकडंनंच आलोय."

चौथं मी जरा आवाज चढवून सांगितलं. दुसऱ्या रविवारी एका कोपऱ्यात आठ-नऊ वर्षांचं एक पोर जीटीए 5 खेळत होतं, एकटं, बाप खाली रस्त्यावर फोनवर. त्या गेमवर 18 चा शिक्का आहे आणि तो उगाच नाही, त्यात काय काय आहे ते मी इथं लिहीत नाही. वर मी एवढं अभ्यासाचं लिहिलं म्हणून कुणी असं समजू नका की मी म्हणतोय लहान पोरांना काही पण दाखवा. चौदाच्या पोराला काय चालतंय आणि आठच्या पोराला काय चालतंय यात फरक आहे. शिवाय संबंध छोटा आहे म्हणजे शून्य आहे असं कुणीच सिद्ध केलेलं नाही, मग आठ वर्षांच्या पोरावर का बघायचं ते. असले शिक्के आले कशामुळं ते पण वाचलं, 1992 च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये हरलेल्याला शेवटी भयंकर पद्धतीनं मारायचं असायचं, त्यावरून अमेरिकेत संसदेत सुनावणी झाली आणि 1994 मध्ये तिथं वयाचे शिक्के चालू झाले. तीस वर्षं झाली, आणि आमच्या टिळकवाडीत खोक्यामागचा आकडा ना मालक बघतोय ना बाप. मालकानं सांगितलं 18 वाले गेम वेगळ्या अकाउंटवर टाकतो, पासवर्ड लावून. चौथ्या रविवारी बघितलं तर दोन टीव्हीवर केलेलं होतं, तीन राहिलेले. म्हणून या बाबतीत मी मार्क कापणार आहे.

चौथा रविवार. मी परत मागच्या खुर्चीवर. भाचा आणि तोच पोरगा, ज्याची कॉलर धरलेली तो. मधल्या दिवसात शाळेत त्यांचं आपोआप मिटलेलं, पोरांचं असंच असतंय. फुटबॉलच. पैसे आधी दिलेले. कंट्रोलर दोन्ही चांगले. काउंटरवर मालक स्वतः. भाचा 3-1 नं हरला. मी त्याची मान बघत होतो, मुद्दाम. जरा लाल झाली. कंट्रोलर त्यानं हळू ठेवला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, "परत एक." बस, एवढंच.

एका रविवारवरून मी काही सिद्ध झालं म्हणत नाही. त्याच आठवड्यात घरी मात्र परत झालं. रात्री जेवताना मोबाईलवर गेम चालू, मी म्हटलं ठेव, त्यानं ऐकलं नाही, नेमकं करंट गेलं, वायफाय गेलं, आणि तो म्हणे गेममध्ये शेवटी जिवंत उरलेल्या पाचात होता. ताट ढकललं. आमटी सगळी फरशीवर. माझी बायको काही बोलली नाही, फडकं आणून त्याच्या हातात दिलं आणि तिथंच उभी राहिली. त्यानं पुसलं. पुसताना म्हणाला, "मामी, सॉरी, मला पण कळत नाही मला काय होतंय ते." त्या वाक्यानं मला कसं झालं ते सांगता येत नाही. पोरगं आतून आपल्याला सांगालंय, आणि आम्ही स्क्रीनवर रक्त आहे का नाही ते शोधत बसलोय.

तेव्हापासून घरात जेवताना फोन नाही, कुणाचाच नाही, माझा पण नाही. रात्री दहाला सगळे फोन टीव्हीच्या वर. वय खरं टाकलंय. झोप पुरी व्हायला लागली आणि खरा फरक मला त्यानं वाटतोय, सकाळी उठून बोलतोय तरी. ज्यांच्या घरी यापेक्षा पुढं गेलंय, पोरगं शाळा सोडून, जेवण सोडून खेळतंय, त्यांनी उगाच मारझोड करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून नोंदवलाय, नवी यादी 2022 पासून लागू आहे. आणि आपल्याच राज्यात बेंगळूरला निमहान्समध्ये 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे, शट क्लिनिक म्हणतात त्याला. बेळगावातून रात्रीच्या गाडीनं बसलं की सकाळी तिथं.

आता मार्क. जागा आणि स्वच्छता, पाचपैकी साडेचार. मशीन, आता खराब कंट्रोलर काढल्यावर चार, हेडफोन बदलले की अजून वाढवतो. रेट ठीक, तीन, कारण करंट गेल्यावरचा वेळ अजून पण कधी धरतात कधी सोडतात, याचा एक नियम करा, पोरांची अर्धी चिडचिड तिथंच मिटेल. वयाच्या बाबतीत दोन, बाकीच्या तीन टीव्हीवर पासवर्ड लागला की चार. मालकाचं वागणं, पाच. ऐकून घेणारा माणूस आहे, कर्जात असून दिवसाचं पाचशेचं नुकसान करून त्यानं एक टीव्ही बंद ठेवलेला मी बघितलाय.

पालकांनी जायचं असेल तर रविवारी साडेदहा ते साडेबारा जा, गर्दी नसते आणि मालक असतो. संध्याकाळी पाचनंतर टाळा. खाली गाडी लावायला जागा नाही, गल्लीत आत लावायची. आणि पोराला नुसतं सोडून येऊ नका, एकदा तरी वर जाऊन मागच्या खुर्चीवर तासभर बसा, तिथं खुर्चीचे पैसे घेत नाहीत.

बहिणीला सगळं सांगितलं. पूर्ण पटलेलं नाही तिला, "बंदूक ती बंदूकच की," म्हणाली. पण पोराला गावाला न्यायचं तिनं थांबवलंय. पुढच्या रविवारी ती येणार आहे बघायला, जांबोटीची सकाळची गाडी धरून. भाच्यानं आत्तापासून ठरवलंय, आईला किंग घेऊन देणार आणि तो मागून कंबर धरायचा डाव शिकवणार.